छायाचित्रणाचा गृहपाठ

लग्नकार्य असो, मुंज असो, की शाळेचे स्नेहसंमेलन असो, आज जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या हातात कॅमेरा असतो. मोबाइल हे मूळचे बोलण्याचे यंत्र. परंतु त्याच्या पाठीवरील इवल्याशा भिंगाने बोलण्यावर केव्हाच मात केली आहे. पूर्वी एका कुटुंबाच्या साऱ्या हयातीत जितके फोटो निघत नसत, तितके आता एका पंगतीत निघतात. मात्र त्यांतील एखादा पुढे करून 'नवरदेवाचा चेहरा इतका काळा का आला?' असे विचारले, तर 'उजेड बरोबर नव्हता' यापलीकडे उत्तर मिळत नाही. वस्तुतः उजेड मांडवात भरपूर होता. तो नवरदेवाच्या पाठीमागे होता, आणि म्हणूनच चेहरा काळा आला. एवढे उत्तर ज्याला देता येते आणि पुढच्या खेपेस नवरदेवाला चार पावले बाजूस उभे करण्याचे ज्याला सुचते, त्याला या विद्येचा श्रीगणेशा झाला असे म्हणावयास हरकत नाही.

ही विद्या पुस्तकांत नाही असे नाही. भिंगाचे छिद्र, शटरचा वेग, पट्टीची अथवा फिल्मची प्रकाशग्राहकता, या तिहींचे परस्परांशी असलेले नाते चार पानांत लिहिता येते आणि अर्ध्या तासात वाचताही येते. परंतु वाचून ते डोक्यात राहते, हातात उतरत नाही. आपल्याकडील पंतोजींना हे मर्म पक्के ठाऊक होते. 'क'ची गाठ कशी असते हे त्यांनी कधी मुलांना समजावून सांगितले नाही. धूळपाटीवर अक्षर काढून दिले आणि शंभर वेळा गिरवून घेतले. गवयाच्या घरी शिष्याला पहिल्या दिवशी राग मिळत नाही, पलटे मिळतात. छायाचित्रणाच्या वर्गात नेमून दिलेले जे काम असते, ज्याला आपण गृहपाठ म्हणतो, तो याच जातीचा कित्ता आहे. तो कसा असावा, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात तो कोणत्या वस्तूंवर गिरवता येईल, हा आजचा विषय आहे.

महाराष्ट्रात या कलेचा वर्ग ही काही नवी कल्पना नाही. पॅरिस येथे दागेरची कृती १८३९ साली जगापुढे आली. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये क्रॉफर्ड नावाच्या गृहस्थांच्या हाताखाली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील नामांकित धंदेवाईक छायाचित्रकार झाले. सुप्रसिद्ध विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही याच सुमारास मुंबईतील या मंडळींत आघाडीवर होते. म्हणजे विश्वविद्यालय स्थापन होण्यापूर्वी दोन वर्षे मुंबईत फोटोग्राफीचा वर्ग भरत होता.

त्या काळचा विद्यार्थी काय करीत असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे. १८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रज गृहस्थाने कोलोडियनची कृती काढली होती. तिच्यात काचेवर चिकट द्रव सारखा पसरावयाचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि ओली असतानाच अंधारात धुवावयाची. सारे दहा-पंधरा मिनिटांत आटोपले पाहिजे. उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर, कारण काच वाळली की काम फुकट गेले. अशा व्यवहारात 'बघू या, काढून तर ठेवू' या वृत्तीला जागाच नव्हती. काच बुडविण्यापूर्वीच उजेड कोठून येतो, किती वेळ झाकण उघडे ठेवावयाचे, माणूस तितका वेळ स्थिर बसेल की नाही, याचा निर्णय झालेला असावयाचा. साधनाची अडचण हीच तेथे शिक्षक होती.

ती अडचण आज उरलेली नाही, आणि तिच्यासाठी उसासे टाकण्याचेही कारण नाही. ओल्या काचेच्या पेटाऱ्यापेक्षा खिशातला मोबाइल हजार पटींनी सोयीचा आहे. परंतु अडचण गेली तसा तिने लावलेला विचारही गेला. तो परत आणावयाचा तर अडचण मुद्दाम निर्माण करावी लागते, आणि गृहपाठ म्हणजे दुसरे काय? 'सुंदर फोटो काढून आणा' हा गृहपाठ नव्हे. त्याने होतकरू मूल सूर्यास्ताकडे धावते, आणि सूर्यास्त सुंदर येतो तो सूर्याच्या पुण्याईने. त्यात मुलाचे कर्तृत्व शोधून सापडत नाही. 'एकच वस्तू, एकच जागा, पाचच फोटो, आणि प्रत्येकाची वेळ व कारण वहीत लिहिलेले' असे म्हटले की मुलाला विचार करणे भाग पडते. यातील वहीचे महत्त्व कॅमेऱ्याहून कमी समजू नये. यंत्र हल्ली वेळ, छिद्र, वेग ही सारी माहिती आपोआप नोंदवून ठेवते हे खरे. पण 'ढग आल्यामुळे दोन मिनिटे थांबलो' ही नोंद यंत्र करीत नाही.

आता वाशीमकडे वळू. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. येथील कोणत्याही शाळेत छायाचित्रणाचा वर्ग काढावयाचा झाल्यास पहिला धडा देण्यासाठी दोन वस्तू पुरेत: कापसाचा ढीग आणि काळी म्हैस.

परदेशातील छायाचित्रणाच्या वर्गांतून पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या पांढऱ्या अंड्याचा फोटो काढावयास सांगण्याची जुनी चाल आहे. अंडे वाटोळे दिसले पाहिजे, पांढरे दिसले पाहिजे आणि कागदापासून वेगळेही दिसले पाहिजे. वऱ्हाडातील मुलाला अंड्याची गरज नाही. दिवाळीनंतर बाजाराच्या आवारात कापसाच्या गाड्या येऊ लागतात. तेथे मुलाला उभे करून, यंत्राला हात न लावता एक फोटो घेण्यास सांगावे. कापूस मळकट, करड्या रंगाचा येईल. मग तेथून तळ्यावर जावे आणि पाण्यातून वर आलेल्या म्हशीचा, चौकट तिनेच भरून टाकावी इतक्या जवळून, तसाच फोटो घ्यावा. म्हैस राखेच्या रंगाची येईल. पांढरा कापूस करडा आणि काळी म्हैसही करडी! मुले हसतील, परंतु या हसण्यातच निम्मा धडा झाला.

याचे कारण असे. कॅमेऱ्यातील उजेड मोजणारी योजना डोळस नाही. समोर कापूस आहे की म्हैस आहे हे साध्या मापकास कळत नाही; समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारे आहे, असे तो गृहीत धरतो. कापूस याहून कितीतरी अधिक उजेड परत फेकतो. यंत्राला वाटते, उजेड फार झाला. ते कमी उजेड आत घेते आणि कापूस मळतो. म्हशीच्या बाबतीत नेमके उलट घडते. तेव्हा कापसाला यंत्र सांगते त्याहून एक ते दोन टप्पे अधिक उजेड दिला पाहिजे आणि म्हशीला तितकाच कमी. एक टप्पा म्हणजे दुप्पट अथवा निम्मा. हे ऐकणाऱ्याला प्रथम उफराटे वाटते: पांढऱ्याला अधिक आणि काळ्याला कमी? मात्र ज्याने मळका कापूस स्वतः काढला आहे, त्याला ते दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. हल्लीचे मोबाइल समोरची वस्तू ओळखून हिशेब सुधारण्याची खटपट करतात, आणि कधी कधी त्यांना ते साधतेही. तरीही पडद्यावर कापसाला बोट लावून उजेडाची खूण वर-खाली सरकविण्याची सोय त्यांत असते, ती मुलाने स्वतः वापरावी. खूण फार वर नेली तर कापसाचे तंतू आणि मधली सरकी नाहीशी होऊन नुसता चुन्याचा डाग उरतो. तंतू दिसतील आणि तरीही शुभ्रता राहील ही मधली जागा हाताने शोधावी लागते, आणि ती शोधण्यात एक सकाळ गेली तर ती सार्थकी लागली.

अमेरिकेतील विख्यात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांना हीच गोष्ट शिकवावयाची होती. १९४० च्या सुमारास लॉस अँजेलिस येथील कलाशाळेत शिकवीत असताना त्यांनी फ्रेड आर्चर या सहकाऱ्यासह काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या दहा-अकरा पायऱ्या ठरविल्या. समोरची कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवावयाची हे फोटो काढण्यापूर्वीच मनात निश्चित करावे अशी ती पद्धत. (हा आर्चर ओल्या काचेचा शोध लावणारा आर्चर नव्हे; नावाचा योगायोग एवढाच.) जगभर गाजलेली ही रीत एका शाळेत, विद्यार्थ्यांना समजावे म्हणून आकारास आली. शिकविण्याच्या निकडीतून शास्त्राला नेटकेपणा येतो, तो असा.

दुसरा धडा सूर्याचा. वाशीम उत्तर अक्षांशाच्या २० अंशांच्या किंचित वर आहे. त्यामुळे डिसेंबराच्या उत्तरार्धात मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंश इतकाच वर येतो आणि जमिनीत उभ्या रोवलेल्या काठीची सावली जवळजवळ काठीइतकीच पडते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. जुलैच्या उत्तरार्धात हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. भूगोलाच्या तासाला हे मुलांना सांगितलेले असतेच. छायाचित्रणाच्या वर्गात मात्र त्यांनी मे महिन्यात दुपारी बाराला आणि सकाळी सातला एकाच माणसाचा चेहरा काढून आणावा. दुपारच्या चित्रात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडलेल्या, नाकाची सावली ओठांवर उतरलेली, माणूस आजारातून उठल्यासारखा. सकाळच्या चित्रात तोच माणूस टवटवीत. चेहरा बदललेला नाही, उजेडाची दिशा बदलली. जुने फोटोग्राफर आपल्या स्टुडिओची मोठी खिडकी उत्तरेस का ठेवीत, हे यानंतर एका वाक्यात समजते, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही. चौकस मुलगा येथे हटकून शंका काढील की जूनमध्ये वाशीमला भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो, मग काय? शंका रास्त आहे. तिला शाबासकी द्यावी आणि खिडकीला पातळ पडदा लावावा.

हाच धडा दगडावर आणि लाकडावरही गिरवावा. वाशीमचे बालाजीचे मंदिर अठराव्या शतकात भोसल्यांचे कारभारी भवानी काळू यांनी बांधविले. कारंजाच्या जैन मंदिरांतून लाकडावरील कोरीव काम आहे. समोरून पडलेल्या उजेडात कोरीव काम सपाट दिसते. उजेड भिंतीला घासून तिरपा येऊ लागला की प्रत्येक पाकळीला स्वतःची सावली मिळते आणि दगड बोलू लागतो. ही वेळ प्रत्येक भिंतीला वेगळी असते. ती शोधण्यासाठी मुलाने एका भिंतीपाशी दिवसातून चार वेळा जावे, आणि चारही वेळा देवळातील मंडळींची रीतसर परवानगी घ्यावी.

वेगाचा धडा थोडक्यात सांगण्याजोगा आहे. खळ्यावर वाऱ्यावर तूर उफणणारी बाई दिसली, तर तिच्या संमतीने एक फोटो सेकंदाच्या पाचशेव्या भागात आणि दुसरा पंधराव्या भागात घ्यावा. मीटरभर खाली आलेल्या दाण्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेचार मीटर असतो. म्हणजे पहिल्या चित्रात तो सेंटीमीटरभरही सरकत नाही आणि टिंबासारखा उमटतो, दुसऱ्यात तो सुमारे ३० सेंटीमीटरांची रेघ ओढतो आणि साऱ्या दाण्यांचा मिळून पडदा बनतो. दोन्ही चित्रे खरी. कोणते हवे हे काढणाऱ्याने ठरवावयाचे. छिद्राचा धडा मात्र मोबाइलवर नीट देता येत नाही, कारण त्याचे छिद्र बहुधा कायमचे एकाच मापाचे असते आणि त्यात माणसामागचा देखावा धूसर होतो तो बव्हंशी गणिताच्या करामतीने. त्यासाठी वर्गात एक तरी साधा, हाताने चालविण्याचा कॅमेरा असावा. ४, ५.६, ८, ११, १६ हे आकडे विचित्र दिसतात, पण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला प्रत्येक आकड्यासरशी उजेड निम्मा होतो हे पाटीवर सिद्ध करता येईल.

धीराचाही एक धडा असावा, आणि तो दादासाहेब फाळके यांच्यापासून घ्यावा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले हे त्र्यंबकेश्वरचे गृहस्थ. १९१२ साली विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम राजा हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोखला आणि महिन्याहून अधिक काळ दिवसाकाठी एकेक चित्र घेतले. पडद्यावर मिनिटभरात वाटाण्याचा वेल उगवून वर चढलेला लोकांना दिसला, आणि पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभे राहण्यास त्याचे साहाय्य झाले. हा गृहपाठ त्यांना कोणी दिलेला नव्हता. परंतु कॅमेरा हलता कामा नये, उजेड सारखा हवा, एकही दिवस चुकता कामा नये, हे नियम पाळल्याखेरीज तो पुरा होणारा नव्हता. वाशीमच्या मुलाने सोयाबीनच्या एका रोपावर तो करून पाहावा. पावसाळ्यात उजेड दररोज बदलतो, तेव्हा काम फाळक्यांच्या कामाहून फारसे सोपे जाणार नाही.

गृहपाठ आला म्हणजे वर्गात तो पाहावयाचा कसा, हा प्रश्न शिक्षकाला पेचात टाकतो. चित्रांना गुण देऊन क्रम लावणे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी. चित्रे कागदावर छापून नावाशिवाय भिंतीवर लावावीत, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रापुढे उभे राहून फक्त एवढेच सांगावे की उजेड कोणत्या बाजूने आहे, वेळ कोणती असावी, आणि नजर प्रथम कोठे जाते. 'छान' आणि 'वाईट' हे शब्द त्या तासापुरते वर्ज्य. असे चार तास झाले की मुले एकमेकांच्या चुका न दाखविताही दाखवू लागतात. ज्याच्या चित्रात नजर प्रथम मागच्या विजेच्या खांबावर जाते असे पाच जणांनी सांगितले, त्याला सहाव्याने काही सांगण्याची गरज राहत नाही.

श्रोतेहो, एवढे सारे तंत्र झाले. परंतु नेमून दिलेल्या कामाचे मोल त्या कामापुरतेच राहत नाही, याचा एक ठळक दाखला वाशीमच्याच इतिहासाशी जोडलेला आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा नीटपणे उजेडात आली ती १९३९ साली येथे सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे. याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे करविले. म्हणजे अजिंठ्याच्या भिंतींवरील कित्येक रंगांचा धनी वाशीमचा दरबार होय. या चित्रांच्या नकला करण्याचे काम प्रथम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने केले. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे पुढे त्याने स्वतःच कुंचल्याच्या जोडीस कॅमेरा घेतला होता. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स हे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यामागून हिवाळा अजिंठ्यास जात राहिले. पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे चित्रकार त्या विद्यार्थ्यांतलेच. काम सरकारी होते, पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो अभ्यासच होता: जसे आहे तसे उतरवावयाचे, स्वतःचे काही घालावयाचे नाही. १८८५ साली लंडनमध्येच पुन्हा आग लागून त्यांतील शंभराहून अधिक नकला नष्ट झाल्या. तथापि कित्येक उरल्या. मधल्या काळात मूळ भिंतींवरचा गिलावा व रंग जागोजागी झडला आणि आज काही ठिकाणी त्या विद्यार्थ्यांची नक्कल हाच मूळ रेषेचा पुरावा राहिला आहे. गिरवलेल्या कित्त्याला असे दिवस येतील हे ग्रिफिथ्स यांच्या शिष्यांच्या ध्यानीमनीही नसावे.

वाशीम जिल्ह्यातील गृहपाठालाही असे दिवस येणे अशक्य नाही. मूर्तिजापुराहून कारंजामार्गे यवतमाळास जाणारी शकुंतला रेल्वे पुष्कळांना आठवत असेल. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून, मुख्यतः कापसासाठी घातलेल्या मार्गाने, ती सावकाश जात असे. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन काढून डिझेलचे लावले. पुढे गाडीही बंद पडली. दूरवर एका बिंदूत मिळणाऱ्या दोन रेषा हा छायाचित्रणाच्या वर्गातील नेहमीचा धडा, आणि त्यासाठी ते रूळ फारच सोयीचे. गाडी चालू असताना ज्यांनी तेथे उभे राहून एखादे तरी चित्र घेतले असेल, त्यांच्याजवळ आज केवळ रेषांचा धडा नाही. जुन्या पेठांतील लाकडी सज्जे असलेल्या घरांचीही तीच कथा. घर उतरविण्याचा दिवस आगाऊ कोणी जाहीर करीत नाही.

परंतु घरांहून लवकर जातात ती माणसे, आणि म्हणून वर्गातील सर्वांत महत्त्वाचा गृहपाठ घरातच करावयाचा आहे. कित्येक घरांतून आजोबा गेल्यावर भिंतीवर लावण्यास फोटो शोधावा लागतो. कोणाच्या तरी लग्नातील घोळक्यातून त्यांचे डोके कापून घेतात, अथवा सरकारी ओळखपत्रावरचे ताठरलेले चित्र मोठे करतात. आजीची तर त्याहून पंचाईत, कारण ती प्रत्येक समारंभात स्वयंपाकघरात असते. हजारो फोटो निघणाऱ्या घरात ज्याने घर उभे केले त्याचे एक धड चित्र नसावे, ही गोष्ट मोबाइलच्या दोषात मोडत नाही. कोणी ते काम नेमून दिले नाही एवढेच.

म्हणून ते नेमून द्यावे. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला सकाळी खिडकीपाशी बसवावे, खिडकी एका बाजूस येईल असे. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी दिसल्यास त्या बाजूस पांढरे धोतर अथवा मोठा कागद धरावा. खिडकीचा उजेड त्यावरून परत येऊन सुरकुत्या पुसून न टाकता सावली हलकी करतो. धोतर दोन हात दूर नेले तर सावली गडद होते, जवळ आणले तर उजळते. किती हवी ते पाहून ठरवावे. डोळ्यांवर नेम धरावा. आणि घाई करू नये, कारण पहिली पाच मिनिटे म्हातारी माणसे फोटोसाठी बसतात, त्यानंतर ती आपली म्हणून बसतात. होमाई व्यारावाला, ज्या पुढे भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना आपल्याबरोबरच्या मैत्रिणींवरच कॅमेरा रोखून हात बसविला होता. जवळची माणसे आपल्याला थोडा अधिक वेळ देतात, हा शिकणाऱ्याचा मोठा फायदा आहे.

परक्यांच्या बाबतीत तो वेळ मागून घ्यावा लागतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत बंजारा स्त्रियांच्या आरशांच्या कशिद्याचे फोटो काढण्यासाठी कॅमेरे घेऊन धावणारे पुष्कळ असतात. 'बाई, काढू का?' असे विचारणारे थोडे, आणि काढलेला फोटो नंतर पोहोचविणारे त्याहून थोडे. वर्गाच्या नियमांत हे दोन्ही घालावेत आणि न पाळणाऱ्याचा गृहपाठ, चित्र कितीही उत्तम असले तरी, परत करावा. येथे शिक्षकाने मुळीच मऊ होऊ नये.

खिडकीपाशी काढलेले चित्र पसंत पडले की ते मोबाइलमध्ये राहू देऊ नये. मोबाइल हरवतो, बिघडतो, तीन-चार वर्षांत बदलतो आणि चित्र त्याच्याबरोबर जाते. ते चांगल्या कागदावर छापून घ्यावे. तालुक्याच्या गावीही आता ही सोय होते. दोन प्रती काढाव्यात. एक वर्गाच्या भिंतीवर लावण्यासाठी आणि एक ज्याचे चित्र त्याच्या हाती देण्यासाठी. मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने, कागदावर वळ उमटणार नाही इतक्या हलक्या हाताने, माणसाचे पूर्ण नाव, गाव, तारीख आणि वेळ लिहावी, आणि त्याखाली खिडकी कोणत्या दिशेची होती तेही लिहावे.